शेजारची सीट

कुंडीवाले काका बसल्या जागी हरवून जायचे. रोपांना पाणी घालताना नळी हातात तशीच राहायची, एकाच कुंडीचं तळं व्हायचं आणि काकू म्हणायच्या, "अहो, परत या."

त्यांच्या छोट्या टेम्पोचं इंजिन गेलं, तेव्हाही गॅरेजात ते असेच उभे होते. समोर लाकडी ठोकळ्यांवर दोन जुनी इंजिनं. एक त्यांच्याच जातीच्या गाडीतून काढलेलं, चिमुकलं. दुसरं चांगलं धिप्पाड. काकांची नजर धिप्पाडावरून हलेना.

बाजाराच्या वाटेवर एक चढ होता. भरल्या गाडीला तिथे धाप लागायची. मग वजन कमी व्हावं म्हणून काकू उतरायच्या आणि गाडीच्या बरोबरीनं चालत वर यायच्या. गाडी इतकी सावकाश चढायची, की खिडकीतून गप्पा तुटत नसत. अलीकडे मात्र काकूंचे गुडघे कुरकुरत होते. काकांच्या डोळ्यांसमोर चित्र तरळलं: गाडी झुळकीसारखी चढ चढतेय, मागे रोपं डुलताहेत, काकू शेजारी ऐटीत बसल्यात.

"हेच बसव," ते म्हणाले.

"बसवतो की," मिस्त्री म्हणाला. "फक्त शेजारची सीट काढावी लागेल. तुमच्या गाडीत इंजिन सीटखाली. हा पैलवान तिथे मावायचा नाही, वर डोकं काढणार."

"मग ही कुठं बसणार?"

"काकूंना मागे कुंड्यांत ठेवा. पाणी घालायला सोपं."

"घाला," उलट्या बादलीवर बसलेल्या काकू म्हणाल्या. "तेवढंच ह्यांचं माझ्याकडे लक्ष जाईल." मग हळूच म्हणाल्या, "अहो, मोठंच घ्या. मी राहीन घरी."

काढून ठेवलेली त्यांची सीट भिंतीला टेकली होती. बोलता बोलता काकूंचा हात तिच्या फाटक्या रेक्झिनवरून फिरत होता. थंडीत त्या सीटला खालून इंजिनाची ऊब यायची आणि काकूंना छान डुलकी लागायची. उन्हाळ्यात त्याच सीटला त्या सकाळभर बोल लावायच्या.

काका पुन्हा हरवले. या खेपेला गाडी भरारा चढ चढली. पण शेजारी नुसतं लोखंडाचं टेंगूळ. त्यांनी काहीतरी म्हटलं आणि कुणी 'हूं' केलं नाही.

"लहानच बसव," ते म्हणाले.

"काका, आणि चढ?"

"गाडीत कुंड्या अर्ध्याच भरू. दोन खेपा मारू."

"सगळी सकाळ जाईल," काकू म्हणाल्या.

"मला कुठं कसली घाई असते?"

"ते मात्र खरं."

गाडी सुरू झाली त्या सकाळी चढ आला, तसा काकूंचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला.

"बसून राहा," काका म्हणाले.

गाडी पूर्वीसारखीच सावकाश वर निघाली. मागच्या काचेवर पानं घासत होती. काका कालच्या नव्या गुलाबाबद्दल सांगू लागले. 'हूं' आलं, मग आणखी एक आलं, मग येईना. त्यांनी वळून पाहिलं. काकूंना डुलकी लागली होती, हात अजून कडीवरच होता.

काका सांगतच राहिले, जरा आवाज खाली आणून.