तड्याचा पंचनामा

ती घटना मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. परवा बायकोला घेऊन डागडुजी पूर्ण झालेला तो किल्ला पाहायला गेलो. दरवाजाजवळच्या शिलालेखापाशी गाईड पर्यटकांना सांगत होता, "हा तडा तोफेच्या गोळ्याचा." म्हटलं, बाबा रे, या तड्याचा पंचनामा माझ्या हातचा आहे!

तेव्हा किल्ल्याची डागडुजी चालू होती आणि हद्द माझ्या पोलीस ठाण्याची. एका सकाळी कामावरचा तरुण मुकादम फिर्याद घेऊन आला. शिलालेखाचा दगड गायब होता. संशय म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. दुपारी वरून फोन आला, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

दाखवा म्हणे! अटक काय प्रदर्शनात मांडायची असते?

पहारेकऱ्याला ठाण्यात बोलावलं. "चाचा, दगड कुठं आहे?"

"चार माणसांनी उचलायचा दगड, म्या एकटा नेणार व्हय? कुठल्याच कागदावर सही करणार न्हाय. चुन्याच्या भिंतीत सिमेंट कशाला लागतं, ते आधी इचारा."

किल्ल्याचं सगळं बांधकाम चुन्यातलं. चुना धरायला दिवस लागतात, भिंतीवर रोज पाणी मारावं लागतं. पहाऱ्यासोबत ते कामही चाचांकडंच होतं. पाणी मारताना त्यांना एका दगडाभोवती सिमेंट दिसलं. त्यांनी मुकादमाला विचारलं, आणि दुसऱ्याच दिवशी काम गेलं नि ते चोर ठरले.

मी वर कळवलं, "अटकेचा हुकूम लेखी द्या." लेखी कोण देतो! दोन पंच आणि चाचांना घेऊन मी थेट किल्ल्यावर गेलो आणि गवंड्याला त्या सिमेंटच्या सांध्यासमोर उभं केलं. आवाज चढवला नाही. "हे कुणी भरलं?" एवढंच विचारलं.

त्यानं हातातली थापी खाली ठेवली. "साहेब, उचलताना दगड तडकला. सकाळी पाहणी होती, चुना कुठला वाळतो? मुकादम म्हणले, तोंड आत करून सिमेंटात बसव."

पंचांसमक्ष दगड काढला. आतल्या बाजूला अक्षरं होती आणि मधोमध तडा.

मुकादम लगेच साळसूद झाला. "मिटवून टाकू साहेब. चाचांना उद्यापासून कामावर घेतो."

चाचा उसळले, "ज्या दरवाजात लोकांसमोर चोर म्हणलास, तिथंच चुकलं म्हण. न्हायतर तुझं काम तुला लखलाभ!"

मुकादमाला ते सगळ्या मजुरांसमोर म्हणावं लागलं. खोट्या फिर्यादीचा अहवाल मी तरीही पाठवला. महिन्याभरात माझी बदली झाली. झाली तर झाली.

आमच्या खात्यात शाबासकी मिळते ती पकडलेल्या माणसांबद्दल. मला मात्र सगळ्यात जास्त अभिमान आहे तो मी न केलेल्या त्या एका अटकेचा.