रबरी राक्षसाची चेन

मंडळी, नेदरलँड्समधल्या रायस्वाइकहून लिहितोय.

बाबा पुण्यात कोविड वॉर्डात आहेत आणि विमानं बंद. आज नर्सताईंनी त्यांच्यासमोर व्हिडिओ कॉल धरला, तेव्हा मी आमच्या लाडक्या सिनेमाची डीव्हीडी लावून कॅमेरा टीव्हीकडे वळवला. गाडीत बसून बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांच्या काळातला, फुटकळ बजेटचा अमेरिकन भयपट. लहानपणी बाबा याची कॅसेट भाड्याने आणायचे. राक्षसाच्या रबरी पोशाखाची पाठीवरची चेन आधी कोणाला दिसते, ही आमची पैज. कायम बाबाच जिंकायचे.

आज राक्षस वळला. मी मुद्दाम गप्प राहिलो. बाबा ऑक्सिजनच्या मास्कआडून नुसते बघत होते. शेवटी मीच ओरडलो, “बाबा, चेन!”

“दमलेत हो ते, दादा,” म्हणत ताईंनी फोन ठेवला.

पुण्याला पोचायचा काही मार्ग माहितीये का कोणाला? काहीही सांगा. मला ही पैज जिंकायची नाहीये.