साडभाऊचा कान

नागपुरात बेसूर वस्तूचा जेवढा संताप माझ्या साडभाऊला येतो, तेवढा लोकांना सख्ख्या भावाशी वाटण्या करतानाही येत नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गांधीबागेमागच्या गल्लीत त्याचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे, एवढं अरुंद की पेटी आत न्यायची तर गिऱ्हाइकाने बाहेर यावं. लोक सदऱ्याच्या खिशात चष्मा ठेवतात, हा पेटीतला पितळेचा एक सुटा सूर, म्हणजे फुंकली की वाजणारी पट्टी, ठेवतो आणि मनात आलं की काढून फुंकतो. पंखा घ्यायला गेला तेव्हा दुकानातले सगळे पंखे लावून पाहिले. शेवटी जो आणला तो वारा कमी देतो, पण षड्जात फिरतो. घरचा चांगला कुकर शिट्टी अर्धा सूर उतरली म्हणून भाचीला देऊन टाकला. माझ्या पोराच्या लग्नात वरात दारात उभी, आणि हा क्लॅरिनेटवाल्याला बाजूला घेऊन पाऊण तास शिकवत बसला. मी ओरडलो, "अहो साडभाऊ, नवरदेव घोड्यावर बसून राहिला ना!" तर म्हणतो, "बसू द्या जी. नवरदेव थांबते, गंधार नाई थांबत."

दर गुरुवारी संध्याकाळी पेटी घेऊन आमच्याकडे येतो, तीन भजनं म्हणतो, चहा घेतो, जातो. मी मान डोलावतो. पस्तीस वर्षांचा नेम आहे.

आता माझं. मी चौथीत शाळा सोडली आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कामठी रोडवर माझं गॅरेज आहे. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनवर, मूठ कानाला, एवढ्यावर मी जन्मभर गाड्यांचे रोग ओळखले. पण दोनेक वर्षांपासून त्या मुठीतून काही येईना. बारीक आवाज आधी गेले, मग माणसांचं बोलणं. कोणाला सांगितलं नाही. ज्याने कानावर नाव कमावलं, त्याने कान गेला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी तसाच वाकायचो, मूठ कानाला लावायचो आणि अंदाजाने बोलायचो. अंदाज बरेचदा बरोबर यायचा, हेही सांगून ठेवतो.

मग धरमपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंची लाल गाडी आली. बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीच्या जातीची. उभ्या उभ्या अशी गुरगुरायची की आपण दोन पावलं मागे व्हावं. पण रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर घुटमळायची, जणू घरी विचारून सांगते, आणि मग एक हिसका देऊन निघायची. उड्डाणपुलाच्या चढावर तर रिक्षावाले तिला हात दाखवून पुढे जात. माझ्या पोराने संगणक जोडला. संगणक म्हणाला, आत हवा जास्त, पेट्रोल कमी. पोराने प्लग बदलले, फिल्टर बदललं, थ्रॉटलची झडप धुतली. गाडी तशीच. मी मूठ कानाला लावून सांगितलं, पंप आहे. पंप नव्हता. मग म्हणालो, वायरिंग. तेही नव्हतं.

पोरगा चाळिशीचा आहे, वाईट बोलत नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, आता घरी बसा ना तुमी. काहून तरास घेता?" ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मी चारचौघांत बोलून गेलो, की रविवारपर्यंत ही गाडी पूल चढली नाही तर मी पुन्हा गॅरेजची पायरी चढणार नाही. बोललो ते बोललो. परत घ्यायची आमच्यात रीत नाही.

शुक्रवारी दुपारी साडभाऊ कन्हानच्या भजन मंडळाची पेटी पोचवून परतताना चहाला थांबला. पोरगा गाडीत बसून, ब्रेक दाबून, गिअरमधे जोर देत होता. इंजिन एका अंगाला कलत होतं आणि मी वाकून ऐकल्यासारखं करत होतो. साडभाऊने कपबशी खाली ठेवली. खिशातला सूर काढून फुंकला.

"उभ्यानं सुरात हाये जी. जोर देला का दम फुटते."

"खोकलते, असं म्हणा."

"खोकलत नाई. शीऽऽ करून हवा चोरून आत जाऊन राहिली. तुमाले नाई आयकू येत?"

"येते ना! केव्हाचं येते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाकून, सदरा काळा करून घेत, फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणाऱ्या घड्याघड्यांच्या रबरी पाइपवर बोट ठेवलं. "बाप्पा! हा तं भाता हाये, साडभाऊ! आन मले सांगत नाई तुमी!"

इंजिन बंद करून मी पाइप काढून दिला. वरून धड होता. पोराने तो दोनदा पाहिला होता, मी एकदा. "सरळ धरून नाई दिसत. भाता घडीत फाटते, आन वाकवला का तोंड उघडते," असं म्हणत त्याने एका टोकात रुमालाचा बोळा कोंबला, दुसरं टोक माझ्या तोंडाला दिलं आणि आपला गाल ओला करून एकेका घडीला लावू लागला. "फुका जी. जोरानं फुका. गाडीत हवा नाई आन तुमच्यातबी नाई काय?" पोरगा गाडीतून उतरून पाहतो तर बाप रबराचा पाइप सनईसारखा फुंकतोय आणि मावसा त्याला गाल लावून डोळे मिटून बसलाय. तिसऱ्या घडीला, खालच्या अंगाला, साडभाऊने डोळे उघडले. पाइप वाकवला. नखाएवढी चीर! इंजिन कललं की ती उघडायची आणि संगणकाच्या मोजणीबाहेरची हवा आत घुसायची.

"कोणं शोधलं?" पोराने विचारलं.

"तुया बापानं. मी तं फक्त गाल देला."

शनिवारी नवा पाइप आला. रविवारी पोराने मला शेजारी बसवून गाडी पुलावर घातली. पाठ गादीत रुतली. ते समजायला कान लागत नाही. पोरगा काही म्हणाला. मला कळलं नाही, तसा तो मोठ्याने म्हणाला, "उद्या किती वाजता येता गॅरेजले?"

गुरुवारी साडभाऊने पेटी उघडलीच नाही. म्हणाला, "आधी माही मजुरी द्या. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे चला. म्या नंबर लावून ठेवला."

"माझे कान चांगले आहेत."

"हाव ना. पेटीबी असंच म्हणते. पण दुकानात आली का लाजत नाई."

आता माझ्या कानामागे मशीन आहे. गॅरेजमधे पेचकस पुन्हा बोलतो. मशीन लावल्यावरच्या पहिल्या गुरुवारी साडभाऊ आला, पेटी काढली आणि गायला लागला. वरच्या सुराकडे जाताना त्याचा दम फुटला. त्या लाल गाडीसारखाच क्षणभर घुटमळला, मग हिसका देऊन वर गेला, आणि जिथे जायचं होतं त्याच्या जरा खालीच थांबला. कधीपासून असं होत असेल, देव जाणे. मी तर मान डोलावत होतो.

भजन संपलं. त्याने माझ्या कानाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "काय जी, लागला ना बरोबर?"

माझा हात मशीनकडे गेला. आवाज मी आणखी एक घर वाढवला.

"लागला," मी म्हणालो. "होऊ द्या अजून एक."

त्याने खिशातला पितळी सूर काढला, बोटांत फिरवला, न फुंकताच परत ठेवला आणि भाता ओढला.