भात काढलं की मैदान

"बाई, आलं का?"

काका एवढंच विचारायचे. कार्यालयाच्या पायरीवर उभे राहून, चपला न काढता. मी नकारार्थी मान हलवली की टोपी काढून दारावर झटकायचे, जणू पुण्यातल्या त्या ऑफिसची धूळ इथवर उडत आली होती. मग एक शिवी. ती इथे लिहीत नाही. कॉलेजच्या मान्यतेची वाट तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती तुम्हालाही येत असणार.

माले गावातल्या आमच्या कॉलेजला जमीन दिली ती या काकांनी. इमारत झाली, बाकं आली, अधीक्षक म्हणून मी रुजू झाले. मान्यता तेवढी आली नाही, आणि तिच्याशिवाय एकही प्रवेश देता येत नव्हता. काकांची नात बारावी झाली होती. तिच्या बापाचं म्हणणं सरळ होतं: गावात कॉलेज निघालं तर शिकू दे, नाहीतर मी स्थळं बघतो. काकांनी लेकाकडून मुदत मागून घेतली होती. म्हणून तो रोजचा प्रश्न.

पुण्याच्या फेऱ्या माझ्याकडे. तिथल्या साहेबांचं ठरलेलं वाक्य, "प्रकरण प्रक्रियेत आहे, मॅडम." सगळ्या त्रुटी एकदम सांगायच्या नाहीत, ही त्यांची पद्धत. अग्निशमनाचा दाखला नेला की त्यांना ग्रंथालय आठवायचं. ग्रंथालयाचं नेलं की दाखल्याची मुदत संपलेली. एकदा मी सगळं क्रमाने लावून, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून नेलं. त्यांनी चिठ्ठ्यांचं कौतुक केलं आणि सगळं नव्या नमुन्यात परत मागितलं.

पाहणी समिती येणार म्हणून काकांनी मैदानाचा तुकडा अख्खा पावसाळा पडीक ठेवला. समिती आलीच नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांना राहवेना. मला न विचारता त्यांनी तिथे इंद्रायणी तांदळाचं भात लावलं. भात पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि समिती आली.

"मैदान कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"ह्येच की. भात काढलं की मैदान. दिवाळी झाली की या, पोरं खेळताना दावतो."

"नियमात बसत नाही, काका."

"मग गेल्या साली का न्हाई आला? तवा नुसतं मैदानच हुतं!"

अध्यक्ष हसले. जेवले. काकांनी दिलेला मागच्या हंगामाचा तांदूळ गाडीत ठेवून घेतला. अहवालात लिहिलं: क्रीडांगण नाही.

अहवाल आला त्या दिवशी काकांनी विळा उचलला आणि दाणा न भरलेलं भात कापायला लागले. नात मागून पेंढ्या बांधत होती.

"आजा, माझं ऱ्हाऊ द्या आता."

"गप. तू अभ्यास कर."

"कशाचा?"

काका थांबले नाहीत. सगळं भात म्हशींच्या पुढ्यात गेलं. तुकडा मोकळा झाला. समिती मात्र फिरकली नाही. लेकाने दिलेली मुदत संपली.

नातीचं लग्न कॉलेजच्या सभागृहात झालं. एवढी मोठी जागा गावात दुसरी नव्हती, आणि ती रिकामीच होती. नवरा मुलगा हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. मी त्याच्यात खोट शोधत होते, सापडली नाही. पंगती वर्गांमध्ये बसल्या. काका वाढत होते.

मान्यता त्यानंतर आली, मैदान पुन्हा न पाहताच. मी लगेच फोन केला.

"काका, आली हो मान्यता!"

"बरं." मग म्हणाले, "आता तिच्या सासरची तेवढी आना, बाई."

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे तेच अध्यक्ष. ग्रामीण मुलींच्या शिक्षणावर लांबलचक बोलले. पहिल्या रांगेत काकांसाठी मी खुर्ची राखली होती. ते आले नाहीत. भाषण आटोपून अध्यक्ष खाली उतरले, शेजारच्या खुर्चीत बसले, आणि हात मोकळे करायला आपला पुष्पगुच्छ काकांच्या खुर्चीवर ठेवला.