सदतीस दातांचं चाक

जगातली बहुतेक भांडणं दातांची संख्या चुकल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दात म्हणजे तोंडातले नव्हेत. ते मामांच्या लेखी अगदीच किरकोळ. दात म्हणजे गिअरचे, आणि तेही पितळेच्या, बोराएवढ्या, फार तर बंद्या रुपयाएवढ्या गिअरचे. अंबडच्या एका कारखान्यात मामांनी तेहतीस वर्षं गिअर कापले. ते सगळे पोलादी, घमेल्याएवढे, तेल लावून खोक्यात भरले की कुठे जातील त्याचा पत्ता नाही. "जन्मभर मुली सासरी पाठवल्या जावईबापू, पण एकीचाही संसार डोळ्यांनी बघितला नाही," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आता अशी चाकं घ्यायची जी आपल्यासमोर फिरतील. सिडकोतल्या त्यांच्या बैठ्या घराची मागची खोली मग छोट्या मोटरींनी, तारांनी आणि पितळी चाकांनी भरून गेली. त्या खोलीतून तुळशीला पाणी घालणारं यंत्र बाहेर पडलं, गौरीपुढची फिरती आरास बाहेर पडली, आणि ताक घुसळणारं एक यंत्रही बाहेर पडलं, ज्यानं पातेल्यापेक्षा भिंतच जास्त पांढरी केली.

मामांचा पानाचा डबा होता. पान ते खात नसत. लवंग, वेलदोडे, कात असायला हवा त्या वाट्यांमध्ये दहा दात, बारा दात, सोळा, वीस अशी चाकं निवडून ठेवलेली असत, आणि कोणी आलं की मामा तो डबा अगत्यानं उघडून पुढे करत. एकदा शेजारचे देवळालीहून निवृत्त झालेले सुभेदार गप्पांच्या नादात बारा दातांचं एक चाक उचलून सरळ दाढेखाली घालून बसले. कट्‌ असा आवाज झाला. सुभेदार गाल धरून उठले, मामी पाणी आणायला धावल्या, आणि मामांनी चाक हातात घेऊन भिंगातून चारही बाजूंनी तपासलं. "काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, "आपले सगळे शाबूत आहेत."

चाक विकत घेताना मामा जी चौकशी करत, ती आमच्या लग्नातही कोणी केली नसेल. दात किती, भोक किती मिलिमीटरचं, कड खरखरीत आहे का, दांड्यावर आवळायचा स्क्रू बारीक आहे की नुसता शोभेचा. आणि सगळ्यांत आधी मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे दाताचं माप. दोन चाकांचं ते एकच असावं लागतं, नाहीतर ती एकमेकांत बसत नाहीत, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी मराठीचा मास्तर असूनही वर्गात एकदा समासाऐवजी मॉड्यूल म्हणून गेलो. दुकानदारानं "काका, चालून जाईल" असं म्हटलं, की मामा पिशवी उचलत. "चालून जाईल म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये. ते चालत नाही, नुसतं जातं."

दोन चाकं शेजारी बसवताना त्यांच्यात किंचित फट लागते. ती मामा बसच्या तिकिटानं ठेवत. दातांमध्ये तिकीट घालायचं, चाकं घट्ट भिडवायची, स्क्रू आवळायचे आणि तिकीट ओढून काढायचं. त्यासाठी ते मुद्दाम बसमध्ये चढत. कंडक्टर विचारी, "काका, कुठं उतरायचं?" मामा म्हणत, "उतरायचं कुठंही चालेल, तिकीट कोरं करकरीत द्या." प्लास्टिकच्या चाकांचा त्यांना तिटकारा होता. ती किरकिरतात आणि उन्हाळ्यात तडकतात, असं त्यांचं म्हणणं. पितळेचा मात्र इतका अभिमान, की कोणी सहज बोलताना अमक्याचं पितळ उघडं पडलं असं म्हटलं, तर ते तिथेच थांबवत. "पडू दे की उघडं! पितळेला लपवण्यासारखं आहे काय?"

मामी या सगळ्याकडे न बघता घर चालवत होत्या. कोणाला हाक मारून काम सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आणि एके दिवशी अंगणातल्या पायरीवरून त्या घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी तीन महिने सांभाळायला सांगितलं. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवला. स्वयंपाकाला बाई आली, औषधाच्या वेळा मामांनी भिंतीवर लिहिल्या. सगळं काही जुळलंय अशा समजुतीत मामा पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसले.

खिडकी पश्चिमेची. दुपारी ऊन थेट पलंगावर येई. त्या दिवशी मी चारच्या सुमाराला सहज गेलो. मामी डोळ्यांवर पदर घेऊन आडव्या होत्या, चेहरा घामानं डबडबलेला.

"मामी, पडदा ओढायचा नाही का? मामा कुठे आहेत?"

"आहेत आत. कामात आहेत. कशाला हाक मारायची, जाईल की ऊन थोड्या वेळानं."

माझ्या मागे मामा येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. पडदा ओढला, मामींचा चेहरा ओल्या पंच्यानं पुसला आणि आत निघून गेले. मी डोकावलो तर पुढ्यात पानाचा डबा उघडा, आणि मामा त्याकडे नुसते बघत बसलेले. "रोज असं होत असणार हो," ते म्हणाले, "आणि मला पत्ता नाही."

दुसऱ्या दिवसापासून पडदा ओढणारं यंत्र सुरू झालं. मामींच्या उशाशी एक बटण, वर मोटर, मोटरला चाकं, चाकांवर दोरी. पहिल्या खेपेला मामांनी एकच जोडी लावली, बारा दात आणि छत्तीस. मामींनी बटण दाबलं. पडदा असा सुसाट सुटला, की दांडी, कड्या आणि भिंतीतला खिळा सगळं घेऊन, भेटीला आलेल्या मामींच्या विहीणबाईंच्या डोक्यावर उतरला. विहीणबाई पडद्याच्या आतून म्हणाल्या, "काय झालं?" मामा म्हणाले, "वेग जास्त झाला."

मग त्यांनी वेग कमी केला. चार जोड्या लावल्या. आता पडदा सरकतोय की नाही हे कळायला खडूची खूण करावी लागे. रोज सकाळी गल्लीत चांदवडकडची एक भाजीवाली येई. मामींना तिला बघायचं असे, दोन शब्द बोलायचे असत. तिची हाळी ऐकू आली की त्या बटण दाबत. पडदा वीतभर उघडेपर्यंत ती पुढच्या गल्लीत पोचलेली असे.

"मावशी, लय हाका मारल्या तुमाला," ती एकदा माघारी येऊन म्हणाली. "बोलत नाय, रागावल्या का काय?"

"मी नाही गं बाई," मामी म्हणाल्या, "पडदा रुसलाय."

त्या पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या होत्या. मामा मात्र स्टुलावर खाली मान घालून बसले. आकडेमोडीची वही त्यांनी मिटली आणि विचारलं, "तू उघडायचीस तो कसा उघडायचीस?"

"काय कसा?"

"म्हणजे किती जोरात? हातानं दाखव ना."

मामींनी पडल्या पडल्या हात उचलला आणि हवेत पडदा सरकवला. आधी हलकेच, मग एकसारखा, शेवटी जरा थांबत. मामांनी घड्याळ धरलं होतं. "सहा सेकंद," ते म्हणाले. "पुन्हा दाखव." त्यांनी तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा सहाच. मामा माझ्याकडे वळले. "चाळीस वर्षं ही रोज पडदा उघडतेय, जावईबापू. मी एकदाही बघितलं नव्हतं."

त्या संध्याकाळी चाकं निवडायला मामा पलंगाशीच बसले. मागच्या खोलीत गेले नाहीत. दोन जोड्या ठरल्या. दुसरी बारा आणि अठ्ठेचाळीस, आणि पहिल्या जोडीतल्या छत्तीसच्या जागी त्यांनी सदतीस दातांचं चाक घेतलं.

"छत्तीसचा आकडा नको म्हणून होय?" मामींनी विचारलं.

"छत्तीस घेतलं तर बारातला एक दात जन्मभर समोरच्या त्याच तीन दातांना भेटत राहतो," मामा म्हणाले. "सदतीस घेतलं की प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो. कोणी भेटायचं राहत नाही." मामी डब्यातली चाकं एकेक करून त्यांच्या हातात देत राहिल्या. पुढच्या सकाळी पडदा मामींच्या हातासारखा उघडला. भाजीवाली खिडकीशी थांबली आणि दोघी इतका वेळ बोलल्या, की तिची मेथी कोमेजली.

मामी आता काठी घेऊन चालतात. पलंग पुन्हा आतल्या खोलीत गेलाय. पडदा हातानं ओढता येतो, तरी यंत्र काढू देत नाहीत. पाचच्या सुमाराला ऊन कललं की त्या खिडकीशी येऊन बटण दाबतात. त्या बारीक घरघरीनं मामा मागच्या खोलीतून बाहेर येतात, आणि दोघं खिडकीशी चहा घेतात. हाक न मारता बोलावण्याची ही युक्ती मामींना मनापासून आवडली आहे.

परवा मी गेलो तर साडेतीनच वाजले होते. पडदा बंद होता. मामी आत झोपलेल्या. मामा एकटेच खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडून बसले होते. मी म्हटलं, "आज इतक्या लवकर?" त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं.

"हल्ली मागच्या खोलीत ती घरघर ऐकू येत नाही मला," मामा म्हणाले. "हिला सांगितलं नाही अजून. आधीच येऊन बसतो."