टाके घातलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या विनीताला नवऱ्याच्या व्हिसावर तिथं आल्यामुळे कैक वर्षं नोकरी करता आली नाही. इंजिनिअरिंगची पदवी कपाटात पडून राहिली. त्या वर्षांचं तिनं हातानं पुस्तक केलं: वर अक्षर एकही नाही, प्रत्येक पान दुहेरी, चारी बाजूंनी शिवून बंद, आत पदवीच्या झेरॉक्सचा एकेक तुकडा.

तिथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात ते पाहून मांडणी बघणारे प्रल्हादकाका म्हणाले, “यात गोष्ट कुठंय? माहितीचा कागद तरी चिकटव, नाहीतर टेबलावरून उचल.”

“चिकटवणार नाही, काका, आणि उचलणारही नाही. वाचायचं असेल तर टाके उसवा.” तिनं त्यांच्या हातात सुई दिली.

काका कुरकुरत उसवू लागले. “अगं, किती वेळ लागतो हा!”

“मलाही लागला.”

काकांनी खुर्ची ओढली आणि दुसरं पान उसवायला घेतलं.