जावा कुणाचं?

नांदेडच्या मुलींच्या वस्तानियात, म्हणजे मिडल स्कुलात, मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा मला एकविसावं वर्ष होतं. राज्य निजामाचं, त्यामुळे पुस्तक उर्दूतलं. आदल्या संध्याकाळी मी धडा वाचून ठेवायची, वर्गात उर्दूतून सुरुवात करायची आणि पोरींचे चेहरे कोरे दिसायला लागले की हळूच मराठीवर यायची. मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं, पुस्तक मात्र लढाईच्या आधीचंच होतं.

एका सकाळी पूर्वेकडच्या बेटांचा धडा चालू होता. जावा, सुमात्रा, बोर्निओ. पिकं तांदूळ, ऊस, रबर. राज्य डच लोकांचं. हे मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात आमचा चपराशी हजेरीचं रजिस्टर न्यायला आला. तिशीतला, सडपातळ माणूस. देगलूरकडचा. लढाईत इंग्रजांच्या पलटणीत होता आणि सुटून आल्यावर आमच्याकडे लागला होता. पोरी त्याला मामा म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायची. रजिस्टर हातात घेऊन तो फळ्याकडे बघत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, जावा आता डचांचं न्हाई राहिलं. ज्याचं त्यानं घेतलंय."

एवढं बोलून तो निघून गेला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं? मी सांगितलं, पुस्तकात आहे तेच लिहा. पण माझं मन धड्यातून उडालं. आपल्या शाळेचा चपराशी जाव्याला जाऊन आलाय, आणि मी हे सगळं उर्दू पुस्तकातून वाचून सांगते आहे, याची मला गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

मधल्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तिथं खरंच रोज पाऊस पडतो का, डोंगरातून धूर निघतो का, बायका काय नेसतात, असं मी विचारत सुटले. तो विचारलं तेवढंच सांगायचा. पण मी रोज विचारायला लागल्यावर त्यालाही ते आवडायला लागलं असावं. त्यांच्या भाषेतले शब्द त्यानं मला सांगितले. ते लोक कापसाला कापस म्हणतात, खुर्चीला कुर्सी, बातमीला कबर, जगाला दुनिया. आधी वाटलं, बाईला खूश करायला हा मनाचं सांगतोय. मग एकदा तो म्हणाला, तिथं लोकांना राक्यात म्हणतात. मी दोनदा म्हणून बघितलं. रयत! सात समुद्रांपलीकडे कुणीतरी रयत म्हणून राहतंय, आणि मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते सगळे शब्द वहीत उतरवून घेतले.

लढाईचं मात्र त्यानं बरेच दिवस काही सांगितलं नाही. मीच खोदून खोदून विचारलं. त्यांच्या पलटणीला सांगितलं होतं की जपानी हरलेत, त्यांच्या बंदुका गोळा करायच्या, छावण्यांत डांबलेले गोरे लोक सोडवायचे आणि घरी यायचं. पण पलटण उतरायच्या आधीच तिथल्या लोकांनी आपलं राज्य जाहीर केलं होतं. भिंतींवर, ट्रामगाड्यांवर, जिथं तिथं एकच शब्द रंगवलेला, मर्देका. म्हणजे स्वतंत्र. इंग्रज आपल्या पाठीमागून डचांना परत आणताहेत असा त्या लोकांचा संशय होता, आणि मामा म्हणाला, तो खोटा नव्हता. मग सुराबाया नावाच्या शहरात भडका उडाला. पोरंसोरं बांबूचे भाले घेऊन रणगाड्यावर धावून यायची. कर्ण्यावरून कुणीतरी हिंदुस्थानीत ओरडायचं, तुम्हीही गुलाम आणि आम्हीही, मग आमच्यावर गोळ्या का घालता?

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"हुकूम व्हता ते केलं," तो म्हणाला.

त्यानंतर आठवडाभर तो माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. रजिस्टर न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. मला अपराधी वाटत होतं. आपण एखाद्या माणसाला पुस्तकासारखं उघडून बसलो, असं वाटत होतं. तरीही जाणून घ्यायची ओढ काही कमी झाली नव्हती, हे कबूल करायला हवं.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर तो स्वतःच येऊन उभा राहिला. म्हणाला, एक सांगायचंय, पण कुठं बोलू नका. पलटणीत त्याचा एक जोडीदार होता, मुखेडजवळच्या एका खेड्यातला. दोघं एका दिवशी भरती झाले, एका बोटीतून गेले. जोडीदार बोलघेवडा, त्यानं महिनाभरात तिथली भाषा उचलली. कालव्याच्या पलीकडे एक म्हातारा मास्तर राहायचा, त्याच्याकडे जाऊन बसायचा. लढाई पेटल्यावर मास्तराची ती वस्ती जाळायचा हुकूम आला. त्या दुपारी मामा पुलावर पहाऱ्याला होता. जोडीदार बादली घेऊन पाण्याला म्हणून आला, बादली पुलाच्या कठड्याशी ठेवली आणि तसाच पलीकडे चालायला लागला. खांद्याला बंदूक नाही, डोक्यावर टोपी नाही.

"मला वरडायला पायजे व्हतं. न्हाई थांबला तर गोळी घालायला पायजे व्हती," मामा म्हणाला. "मी पाठ फिरवून हुबा राहिलो. वळलो तवा तो दिसला न्हाई."

तो कुठं गेला ते मामानं कुणालाच सांगितलं नाही. पलटणीच्या कागदात जोडीदाराच्या नावापुढे लापता असं लिहिलं गेलं, आणि तेच पत्र त्याच्या आईकडे गेलं. गावानं त्याचा अर्थ मेला असा काढला. मामा दोनदा त्या गावाच्या वाटेला लागला होता, पण दोन्ही वेळा वेशीवरून परत फिरला. पलटणीतून पळालेल्याची खबर दडवली हे बाहेर फुटलं तर काय होईल, ही भीती होतीच. पण मला वाटतं, खरी अडचण वेगळी होती. तो सारखा एकच म्हणत होता, तो गेला आणि मी का गेलो नाही, ते मला अजून कळलं नाही.

मुखेडला माझी मावशी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची, आणि एकट्या बाईनं जाऊ नये म्हणून शाळा कुणीतरी सोबतीला द्यायची. मी मामाला मागून घेतलं. आधी मोटार, मग बैलगाडी. दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीदाराच्या गावाला गेलो. माझा हेतू चांगला होता असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण त्याच्या आईला बघायचं, ती काय म्हणते ते ऐकायचं, हेही त्यात होतंच.

जोडीदाराची आई अंगणात अंबाडी निवडत बसली होती. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. थोरला मुलगा शेतावर गेला होता. मामानं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर त्याला बोल लावेल. इतके दिवस का सांगितलं नाहीस म्हणून विचारेल. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी चालत गेला. त्याच्या पायानं."

"हाव," मामा म्हणाला.

मग तिनं विचारायला सुरुवात केली, आणि मी वर्गात इतके प्रश्न कधी ऐकले नव्हते. तिथं ज्वारी होते का? नाही. मग भाकरी कशाची? भाकरी नाही, भात. सकाळीही भात? सकाळीही. बैल आहेत की रेडे? रेडे. तो मास्तर घरात एकटा होता की बायकोपोरं होती? मामाला ठाऊक असेल तेवढं त्यानं सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली. ही लढाई कशाची, ते तिला समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, डच लोकांनी तिथं पिढ्यान् पिढ्या राज्य केलं, जपान्यांनी त्यांना हाकललं, जपानी हरल्यावर लोक म्हणाले आता आमचं आम्ही बघू, आणि डच परत आले.

"घर त्यांचंच हाय, आन् त्यांनाच भांडावं लागून राहिलंय," ती म्हणाली. "ते समजलं. पर त्यात ह्यानं कामून जावं?"

तीच पुढे म्हणाली, लहानपणीही असंच करायचा, कुणाची गाडी चिखलात रुतलेली दिसली की हातातलं काम टाकून खांदा लावायला पळायचा. पण आपलं हे उत्तर तिला पुरेसं वाटलं नसावं, कारण आम्ही निघेपर्यंत ती विचारातच होती. तिनं आम्हाला जेवू घातलं. मामाला दोनदा वाढलं.

माघात ती एकटीच नांदेडला आली आणि पत्ता विचारत शाळेत पोचली. जाव्याचा नकाशा बघायचा म्हणाली. मी तिला वर्गात नेलं. नांदेड कुठं, समुद्र कुठून सुरू होतो, बोटीला किती दिवस लागतात, हे पोरींनीच तिला दाखवलं. तिनं विचारलं, हे इतकं निळं सगळं पाणीच का? मग एवढ्याशा जमिनीसाठी हे वलंदेज कुठून आले? डचांसाठीचा हा जुना शब्द तिला कुठून ठाऊक होता कोण जाणे. एका मुलीनं हॉलंड दाखवलं. म्हातारी नकाशाच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "येवढंसंच?" वर्ग हसला, तीही हसली.

पुढच्या सालात मुलखात रझाकारांची धामधूम सुरू झाली. घरं उठली, शाळा ओस पडली. मी निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला भावाकडे जाऊन राहिले, मामा आपल्या गावी गेला. तिकडे जाव्यात डच सैन्य पुन्हा चालून गेल्याच्या बातम्या बार्शीच्या वाचनालयात यायच्या. बायका वाचनालयात जात नसत, म्हणून भाऊ मला वर्तमानपत्र घरी आणून द्यायचा. आपल्या मुलखाचं काय होतंय ते वाचून झालं की मी त्या कोपऱ्यातल्या चार ओळी शोधायची. दोन्हीकडच्या बातम्या माझ्या मनात कालवून जायच्या. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मी नांदेडला परत आले. भूगोल आता मराठीतून शिकवायचा होता. पुढं वर्षभरात डचांनीही जावा सोडलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मामा गावाहून एक पाकीट घेऊन आला. म्हातारीनं त्याच्या हाती ते माझ्याकडे पाठवलं होतं आणि मागून स्वतःही येत होती. अक्षर मराठी, पण लिहिण्याची सवय सुटल्यासारखं. मुलगा जिवंत होता. मालाची गाडी चालवत होता. त्या म्हाताऱ्या मास्तराच्या भाचीशी त्यानं लग्न केलं होतं, एक मुलगी होती. आईनं रागवू नये, दादानं त्याच्या वाट्याच्या रानाची काळजी करू नये, असं काहीबाही होतं. आपण का गेलो हे त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं. मामाचाही उल्लेख नव्हता. मामानं मला पत्र दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, माझं काही? मी नाही म्हणाले. तो म्हणाला, बरं झालं, आणि म्हातारीला आणायला मोटार अड्ड्यावर गेला.

ती आली, मी पत्र वाचून दाखवलं आणि उत्तर लिहायला कागद घेतला. मला वाटलं, ती परत ये म्हणेल. तसं काही तिनं सांगितलं नाही. आधी सुनेचं नाव विचार म्हणाली, मग तिचे आईबाप आहेत का, नातीचे कान टोचले का, गाडी चालवताना तिथं कोणत्या बाजूनं जातात. मी लिहीत गेले. कागद संपला तशी मी दुसरा घेतला.